फरशीवरचे महायुद्ध

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आमच्या यवतमाळच्या घरी आला. वय वर्षे तेरा. तो येणार म्हणून मी अंगणाच्या कोपऱ्यात दोन घमेली काळी माती भिजवून ठेवली होती. विटांचे तुकडे, जुने गोणपाट आणि किल्ल्यावर पेरायला वाटीभर गहू, अशी सगळी जय्यत तयारी होती. नातवाने मातीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी आदबीने आपल्या बॅगेतून एक डबा काढला. डब्यात स्पंजच्या खाचांमध्ये इंच-सव्वा इंच उंचीची तीसेक माणसे निजली होती. माणसे तरी कशी म्हणावीत? कुऱ्हाड घेतलेले दाढीवाले बुटके, लांब कानांचे धनुर्धारी, शिंगे असलेले राक्षस, झगा घातलेला एक मांत्रिक. काही रंगवून झालेली, काही अजून नुसत्या करड्या अस्तराची. सोबत चिमुकल्या बाटल्यांतले रंग आणि चारदोन केसांचे वाटावेत असे कुंचले.

नातवाची आजी थोडी हिरमुसली. दिवाळीला महाराजांचा किल्ला करायचा सोडून घरात राक्षस कशाला, असे तिचे म्हणणे. शिवाय मारामारीचा खेळ. मुलांच्या हातात आधीच काय कमी मारामारी आहे? तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मी मात्र त्या डब्याकडे पाहून वेगळ्याच विचारात पडलो. हा खेळ कोणी काढला, असे मी नातवाला विचारले. त्याने एका अमेरिकन माणसाचे नाव सांगितले. मी म्हटले, त्याच्याही आधी साठ वर्षे एक इंग्रज लेखक आपल्या दोन मुलांबरोबर असाच पालथा पडून लढाया खेळत होता. ‘टाइम मशीन’ लिहिणारा एच. जी. वेल्स. नातू चकित झाला. आणि मग सुतळी बॉम्बच्या आवाजात, फराळाच्या ताटाशी बसून, मी त्याला जी गोष्ट सांगितली ती आज आपल्यालाही सांगावी असे वाटते.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमली गावातला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते आणि ते कधीच धड चालले नाही. दुकानापेक्षा क्रिकेटच्या मैदानात त्यांचा जीव जास्त. १८६२ मध्ये केंट परगण्याकडून खेळताना त्यांनी ससेक्सचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंत बाद केले होते. पण क्रिकेटच्या कौतुकावर चूल पेटत नाही, हे त्या घराला रोज कळत होते. हर्बर्ट सात वर्षांचा असताना, १८७४ मध्ये, एका थोराड पोराने त्याला खेळता खेळता उचलून वर फेकले. झेल सुटला आणि पोराचा पाय मोडला. कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळला. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देऊ लागले आणि या मुलाला वाचनाचे जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. पुढे १८७७ मध्ये वडिलांचाच पाय मोडला, त्यांचे क्रिकेट संपले आणि मिळकतीची ती बाजूही बंद झाली.

आई सेरा हिने १८८० मध्ये ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या जमीनदारी वाड्यात कारभारणीची नोकरी धरली. वाडा सरदारांचा, आई नोकर, आणि मुलगा सुट्टीत नोकरांच्या खोल्यांमधून वावरणारा. या वाड्यात अठराव्या शतकातले एक मोठे बाहुलीघर होते. आत दिवाणखाना, शेजघर, स्वयंपाकघर, छोट्या छोट्या खुर्च्या, चांदीची इवलीशी भांडी. ते बाहुलीघर आजही आहे. १९८९ मध्ये वाड्याला मोठी आग लागली, तीतूनही ते वाचले. वेल्सने पुढे या वाड्यावरूनच ‘टोनो-बंगे’ या कादंबरीतला वाडा रचला आणि त्यात एक भलेमोठे बाहुलीघरही ठेवले. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मालकीची, हातभर उंचीची ती दुनिया या मुलाच्या मनात कुठेतरी बसली असली पाहिजे.

मुलाने कापडदुकानात उमेदवारी करावी, चार पैसे मिळवून मार्गी लागावे, ही आईची साधी इच्छा. १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे वेल्स साउथसी येथील एका कापडदुकानात होता. दिवसभर ठाण घडी करायचे, गिऱ्हाइकांपुढे लवायचे आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच दालनात झोपायचे. माझी उमेदीची पस्तीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली आहेत. काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून माणसाचे मन बाहेर कसे भटकते, हे मला कोणी सांगायला नको. एका रविवारी हा मुलगा उठला आणि सतरा मैल पायी चालत अपपार्कला आईपुढे जाऊन उभा राहिला. परत जाणार नाही, हे त्याने तिला सांगितले. घरची हलाखी माहीत असून त्याने ते सांगितले आणि आईने अखेर ऐकले, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

पुढची वाट शिक्षणाची. मिडहर्स्टच्या शाळेत शिकत-शिकवत त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८४ मध्ये लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात डार्विनचे खंदे पाठीराखे थॉमस हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. शिक्षक झाला, पण प्रकृतीने दगा दिला. १८९३ मध्ये रक्ताची उलटी झाल्यावर शाळेची नोकरी सोडून त्याने लेखणीवर पोट भरायचे ठरवले. १८९५ मध्ये ‘टाइम मशीन’ आले, १८९७ मध्ये ‘अदृश्य माणूस’, १८९८ मध्ये मंगळावरच्या स्वारीची ती प्रसिद्ध कादंबरी. कापडदुकानातला उमेदवार तिशीतच जगाला ठाऊक झाला.

पहिला विवाह मोडला होता. १८९५ मध्ये त्याने आपल्या एका विद्यार्थिनीशी लग्न केले. तिचे नाव एमी कॅथरीन, तो तिला जेन म्हणे. समुद्रकाठच्या सँडगेटला त्यांनी घर बांधले आणि तिथे जॉर्ज फिलिप (१९०१) आणि फ्रँक (१९०३) ही मुले झाली. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

या घरात खेळ टेबलावर नव्हे, जमिनीवर चालत. मुले आणि बाप तिघेही लांब पसरून. लाकडी विटा, फळ्या, चावीची आगगाडी आणि शिशाचे सैनिक, एवढे साहित्य. जमीन म्हणजे समुद्र, फळ्या म्हणजे बेटे. बेटांवर देवळे, बंदरे, किल्ले उभे राहायचे. कधी दोन शहरे वसवायची, त्यांना रेल्वेने जोडायचे आणि नगराध्यक्ष नेमायचे. या खेळांवर त्याने १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याची खेळण्यांच्या दुकानदारांबद्दल एक तक्रार आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. दुकानात सैनिक हवे तेवढे मिळतात, पण साधी माणसे मिळत नाहीत. शहर वसवायचे तर भाजीवाला हवा, पोस्टमन हवा, बाजाराला निघालेली बाई हवी. ती कुठून आणायची?

सैनिक हवे तेवढे का मिळत, याचेही कारण आहे. पूर्वी असे सैनिक जर्मनीहून येत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे आणि कडेचा थर गोठताच मधले पातळ शिसे पुन्हा बाहेर ओतून टाकायचे. शिसे कमी लागे, सैनिक हलका आणि स्वस्त होई. दोन इंचांचे हे रंगीत शिपाई घरोघरी पोचले. त्याच कारखान्याची स्प्रिंगची एक छोटी तोफ होती. तिच्यातून इंचभर लाकडी गोळा उडे आणि खोलीच्या पार पलीकडचा शिपाई अचूक आडवा होई.

एके दिवशी सँडगेटला एक लेखकमित्र जेवायला आला. वेल्सने त्याची फक्त आद्याक्षरे दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, हे ओळखायला वेळ लागत नाही. जेवणानंतर हे गृहस्थ खुर्चीवर बसले, समोर पडलेल्या तोफेने शिपाई पाडू लागले आणि यजमानाला आव्हान देऊ लागले. तेवढ्यावरून खेळ पेटला. विश्वकोशाचे जाडजूड खंड गालिच्यावर मांडून डोंगर केले गेले. मग नुसती नेमबाजी पुरेना. शिपाई चालले पाहिजेत, आडोसा घेतला पाहिजे, कैद झाले पाहिजेत. एकेक नियम ठरत गेला आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक निघाले.

युद्धाचे खेळ त्याआधी नव्हते असे नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झ पितापुत्रांचा नकाशावरचा खेळ चाले, पण तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. वेल्सने तो सेनापतींच्या टेबलावरून उचलून पोरांच्या फरशीवर आणला. त्याचे नियम एका बैठकीत कळावेत इतके सुटसुटीत आहेत. खोलीच्या मध्ये पडदा लावून दोघांनी आपापली फौज गुपचूप मांडायची आणि मग पडदा काढायचा. पायदळाने एका खेपेला एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट, अंतर दोरीने मोजायचे. तोफेपाशी निदान चार माणसे हवीत, तरच ती उडणार. एका खेपेला जास्तीत जास्त चार गोळे. तोफ हलवली तर त्या खेपेला डागता येणार नाही. विचार करत बसायला सवड नाही, समोर घड्याळ. समोरासमोर भिडलेल्या समान तुकड्यांनी एकास एक मरायचे, आणि एकटा पडलेला शिपाई कैदी.

आणि भूमी? पोरांच्या विटांची घरे, पुठ्ठ्याला खिडक्या रंगवून केलेल्या भिंती, फळीच्या भोकांत खोचलेल्या बागेतल्या डहाळ्या म्हणजे रान, खडूची रेघ म्हणजे नदी. आपल्याकडचा किल्ला आठवा. आम्हा विदर्भातल्या मुलांना तर दिवाळीआधी तान्हा पोळाही असे. सुताराने करून दिलेला लाकडी बैल रंगवायचा, झूल शिवायची, चाकांवर ओढत घरोघर न्यायचा. हातभर जागेत अख्खे जग मांडायची हौस ससेक्सच्या वाड्यात आहे, सँडगेटच्या फरशीवर आहे आणि यवतमाळच्या अंगणातही आहे.

पण ‘लिटल वॉर्स’च्या शेवटी वेल्सने जे लिहिले, त्यामुळे हे पुस्तक निव्वळ खेळाचे राहत नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. खोट्या युद्धात डावपेच आहेत, थरार आहे, जयपराजय आहे, पण कोणाचे हातपाय तुटत नाहीत, कोणाची गावे जळत नाहीत. ज्या राजांना आणि सेनाधिकाऱ्यांना युद्धाची खुमखुमी आहे, त्यांना एका मोठ्या दालनात भरपूर शिशाचे शिपाई देऊन कोंडून ठेवावे. आणि जो माणूस हा खेळ तीन-चार वेळा खेळला, त्याला एक गोष्ट कळतेच. इतक्या छोट्या लढाईत जर आपल्या हातून इतक्या चुका होतात, तर खऱ्या लढाईत सेनापती किती घोडचुका करत असतील! आजीच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. गोष्ट इथेच थांबली असती तर किती बरे झाले असते.

वर्षभरातच, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. आणि हाच वेल्स उसळून लेख लिहू लागला. हे शेवटचे युद्ध आहे, हे जिंकले की पुन्हा युद्ध होणार नाही, या आशयाचे ते लेख होते. त्यांच्या संग्रहाचे इंग्रजी नाव साऱ्या जगाच्या तोंडी झाले आणि पुढे त्याचीच टवाळीही झाली. फरशीवरच्या सेनापतीला खऱ्या युद्धाने भुरळ घातली होती. १९०३ च्या एका कथेत त्याने कल्पिलेली लोखंडी चिलखताची गाडी सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर रणगाड्याच्या रूपाने खरोखरच उतरली. १९१८ मध्ये तर काही काळ तो सरकारच्या प्रचारखात्यातही होता.

बँकेतल्या माणसाला आकडेमोडीची खोड असते. मी एक साधा हिशेब केला. १९१३ मध्ये ज्या तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘लिटल वॉर्स’ पडले असेल, तो १९१८ मध्ये अठरा वर्षांचा होता. अठरा म्हणजे भरतीचे वय. वेल्सची मुले त्या वेळी लहान होती म्हणून वाचली. दुसऱ्यांची वाचली नाहीत. आपलीही नाहीत. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणींचे जवान होते. एप्रिल १९१६ मध्ये कुत पडले आणि ते कैदेत गेले. फरशीवरच्या कैद्याला खेळ संपल्यावर डब्यात ठेवतात. यांच्यातले कितीतरी घरी परतलेच नाहीत.

वेल्सला हे कळले नाही असे म्हणता येणार नाही. १९१६ मधली त्याची ‘मिस्टर ब्रिटलिंग’ ही कादंबरी म्हणजे युद्धात मुलगा गमावलेल्या एका बापाची कहाणी आहे. स्वतःचा मुलगा न गमावता त्याने ते दुःख कल्पिले. त्यात थोडी अपराधाची भावनाही असावी, असे मला ती वाचताना वाटले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चरित्र सांगायचे तर फक्त उजळ बाजू सांगून चालत नाही. संसारात वेल्स एकनिष्ठ नव्हता. जेनने ते जाणून सोसले. ज्या दिवशी युद्ध पुकारले गेले त्याच दिवशी, ४ ऑगस्ट १९१४ ला, लेखिका रिबेका वेस्ट हिच्या पोटी त्याला आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव अँथनी. या मुलाला लहानपणी आईलाच मावशी म्हणायला शिकवले गेले. दोन मुलांसाठी फरशीवर तासन्‌तास लोळणारा बाप या तिसऱ्याच्या वाट्याला पाहुण्यासारखा आला. तरीही मोठेपणी अँथनीने बापाचे चरित्र लिहिले ते समजुतीने लिहिले. मुलांची मने आपल्या कल्पनेपेक्षा मोठी असतात.

युद्धानंतर वेल्सने ठरवले की पोरांना राजांच्या लढाया शिकवून हे असे होते. म्हणून १९२० मध्ये त्याने साऱ्या मानवजातीचा एकच सलग इतिहास लिहिला. राष्ट्रसंघाची त्याने आशा धरली आणि ती विरताना पाहिली. १९२७ मध्ये जेन गेली. थोरला मुलगा प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि बापलेकांनी ज्यूलियन हक्सलेबरोबर जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. धाकटा चित्रपटक्षेत्रात गेला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना हा मधुमेही म्हातारा आपले घर सोडून गेला नाही. अणुबॉम्ब हा शब्द त्याने १९१४ च्या कादंबरीतच वापरला होता. ती कादंबरी शास्त्रज्ञ लिओ झिलार्डने १९३२ मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. ऑगस्ट १९४५ मध्ये तो बॉम्ब खरोखर पडल्याची बातमी वेल्सला ऐकावी लागली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तो गेला. त्याची रक्षा समुद्रात सोडण्यात आली. फरशीला समुद्र मानून खेळणाऱ्याचा शेवट खऱ्या समुद्रात झाला.

त्याचा खेळ मात्र मेला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि शेवटी चेटकी, ड्रॅगन, बुटके यांचे एक प्रकरण जोडले. त्यातून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आला. तोफेची जागा फाशांनी घेतली, शिशाची प्लॅस्टिकने. माझ्या नातवाचे चकमकीचे खेळ आणखी छोटे. दोन्हीकडे पाच-दहाच गडी, पण प्रत्येकाला नाव, स्वभाव आणि मागची गोष्ट. याच गायगॅक्सने पुढे ‘लिटल वॉर्स’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, म्हणजे ऋण फेडले म्हणायचे.

एवढे ऐकल्यावर नातवाने मला कामाला लावले. रंगकाम कसे करतात ते दाखवले. अस्तरावर मूळ रंग, मग काळसर पातळ रंगाचा हात, तो कपड्यांच्या चुण्यांत आणि दाढीच्या घळीत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला वरच्या कडांवरून फिरवायचा, की चेहरा जिवंत होतो. थर्माकोलच्या टेकड्यांना आम्ही अंगणातलीच काळी माती डिंकात कालवून लावली. झाडांसाठी गेल्या हंगामातल्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची टोके तोडली. वाळवलेल्या चहापत्तीचा पाचोळा झाला. आजीने वाटीभर गव्हातला मूठभर गहू एका टेकडीवर पेरायला लावला, आणि तो तिने स्वतः पेरला.

माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. तरी बसलो. नातवाच्या बापाबरोबर मी असा कधी बसलो नव्हतो. तेव्हा पुसद, वणी, पांढरकवडा अशा बदल्या चालू होत्या, आणि दिवाळीत घरी आलो तरी डोक्यात शाखेचे हिशेब असत. किल्ला त्याने शेजारच्या मुलांबरोबर केला. ती बाकी आता कोणत्या खात्यात जमा करणार?

मांडणी झाल्यावर मी वेल्सची तक्रार नातवाला सांगितली. सगळे लढणारेच आहेत, साधे कोणी नाही. तो थोडा विचारात पडला, उठला आणि माळ्यावरून त्याच्या बापाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन आला. एक शिंग तुटलेले, रंग उडालेला. सव्वा इंचाच्या राक्षसांमध्ये तो डोंगरासारखा दिसत होता. नातवाने तो बरोबर मधल्या नाल्याकाठी उभा केला आणि त्या दिवसापुरता नवा नियम जाहीर केला. बैल कोणाच्याच बाजूचा नाही. त्याच्या वीतभर अंतरात कोणी शस्त्र उचलायचे नाही.

लढाई मी हरलो. पण माझे शेवटचे दोन बुटके बैलाच्या पोटाखाली जाऊन बसले होते, म्हणून वाचले.